घराण्याचा इतिहास: ऑनलाइन, पण घरातल्या घरात

घराण्याचा इतिहास म्हणजे नुसती वंशावळ नव्हे. मूळ पुरुष कोण, तो कुठून आला, कुलदैवत कोणते, जमीन कशी वाटली गेली, दत्तक कोण आले, कोणती लेक कोणत्या घरी दिली, प्लेगात कोण गेले, गाव सोडून मुंबईच्या गिरणीत कोण लागले, हे सगळे त्यात येते. त्यातला काही भाग सातबारा, फेरफार, शाळा सोडल्याचा दाखला, लग्नपत्रिका, जुनी पत्रे अशा कागदांत असतो. उरलेला वडीलधाऱ्यांच्या तोंडी असतो आणि त्यांच्याबरोबरच जातो. हा ऐवज नात्यातल्या प्रत्येकापर्यंत पोहोचला पाहिजे आणि नात्याबाहेर जाता कामा नये. मोबाइल आणि इंटरनेटमुळे पहिली गोष्ट फार सोपी झाली आहे आणि त्याच कारणाने दुसरी अवघड.

पुण्याच्या नैर्ऋत्येला, सिंहगड रस्त्यालगतच्या धायरीत ही अडचण दोन्ही अंगांनी समजून घेता येते. धारेश्वराचे मंदिर असलेले हे हवेली तालुक्यातले शेतीचे गाव 2017 मध्ये पुणे महापालिकेत पूर्णपणे समाविष्ट झाले. अशा गावात जुन्या घरांची भावकी मोठी असते. शेतांच्या जागी इमारती उभ्या राहू लागल्या, की वारसनोंदी आणि वाटपाच्या निमित्ताने वंशावळ हा नेहमी लागणारा कागद होतो. दुसरीकडे, त्याच इमारतींमध्ये बाहेरगावाहून आलेली कुटुंबे राहतात. त्यांची भावकी सातारा, सोलापूर, मराठवाडा, कोकण अशी विखुरलेली असते आणि पुढची पिढी कधी बंगळुरूला, कधी अमेरिकेत असते. पहिल्या घरांकडे कागद आहेत, पण ते एका कपाटात आहेत. दुसऱ्यांकडे माणसे आहेत, पण ती एका ठिकाणी नाहीत. दोघांनाही शेवटी ऑनलाइन यावे लागते.

जुन्या काळी ही माहिती कोणी सांभाळली, हे पाहण्याजोगे आहे. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागात हेळवी समाजाचे लोक पिढ्यान् पिढ्या घराण्यांच्या वंशावळी राखत आले. ते दारी येत, वंशावळ वाचून दाखवत, नव्या जन्मांची नोंद घेत आणि धान्य घेऊन पुढच्या गावी जात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, हरिद्वार येथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरू स्वतःच्या हाताने नावे लिहीत. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी मंडळे स्थापून, वर्गणी काढून कुलवृत्तांत छापले. गोखले, पेंडसे, बापट, कर्वे अशा घराण्यांचे कुलवृत्तांत प्रसिद्ध आहेत. शाखा, घराणे, पिढी असा क्रम लावून माणसाची जागा नेमकी दाखवण्याची त्यांची पद्धत आजच्या संगणकीय वंशवृक्षालाही मार्गदर्शक ठरेल इतकी काटेकोर आहे.

या व्यवस्थांमध्ये माहितीला आपसूक राखण होती. तीर्थोपाध्यायांना आडनाव आणि मूळ गाव सांगितल्याशिवाय वहीचे पान उघडत नसे. हेळव्याला कोणते घर कोणाचे, हे ठाऊक असे. बरीचशी नोंद मोडीत असल्याने वाचणाराही जाणकार लागे. कुलवृत्तांत छापील असला, तरी त्याच्या प्रती मोजक्या असत आणि त्या घराण्यातच फिरत. माहिती हळू फिरत होती आणि माणसाच्या हातून माणसाच्या हाती जात होती, हेच तिचे संरक्षण होते. मोबाइलवर पाठवलेल्या छायाचित्राला ही राखण नाही. ते एका क्षणात पंचवीस घरांत पोहोचते आणि सव्विसावे घर कोणाचे, हे पाठवणाऱ्याला कळत नाही.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात वंशावळींची देवाणघेवाण एकाएकी वाढली, त्याला एक ठोस कारण होते. सप्टेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. कोतवाल बुक, शाळेचे जुने रजिस्टर, मोडीतले महसुली कागद यांत एखाद्या पूर्वजाची नोंद सापडली, तरी कुणबी दाखला मिळवण्यासाठी तेवढ्याने काम भागत नाही. त्या पूर्वजापासून आपल्यापर्यंतची साखळी वंशावळीने जोडून दाखवावी लागते. एका चुलत्याला सापडलेली नोंद अख्ख्या भावकीच्या उपयोगाची असल्याने असे कागद साहजिकच कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटांवर आले. त्यांच्यासोबत आधार कार्ड, रेशन कार्ड, जन्मतारखा, प्रतिज्ञापत्रांवरच्या सह्याही आल्या. काम तातडीचे असते, तेव्हा कोणता कागद कोणाला दिसतो आहे, याकडे लक्ष राहत नाही.

यात धोका नेमका कुठे आहे? पणजोबांचे नाव उघड झाल्याने कोणाचे बिघडत नाही. सातबाऱ्यावरची नावे तर महाभूलेखच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. धोका एकेका माहितीत नसून तिच्या जोडणीत आहे. नाव, जन्मतारीख, आईचे नाव, माहेरचे आडनाव, मूळ गाव, सध्याचा पत्ता, मोबाइल क्रमांक आणि चेहरा हे सगळे एका पानावर आले, की त्या पानावरून माणसाचे सोंग घेता येते. आईचे माहेरचे आडनाव किंवा जन्मगाव विचारून ग्राहकाची ओळख पटवण्याची रीत कित्येक सेवांमध्ये रूढ होती आणि अजूनही पुरती गेलेली नाही. फसवणूक करणाऱ्याला तर नात्यांची माहिती सोन्यासारखी असते. आत्याचे नाव, तिच्या मुलाचे शहर आणि घरात त्याला कोणत्या नावाने हाक मारतात, एवढे कळले, की अपघाताची बतावणी करून पैसे मागणारा फोन खरा वाटू लागतो. आता थोड्याशा ध्वनिमुद्रणावरून आवाजाची नक्कलही करता येत असल्याने ही जोखीम वाढली आहे.

नात्याच्या जाळ्यात एका माणसाचा निष्काळजीपणा सगळ्यांना भोवतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. ट्वेंटीथ्री अँड मी ही डीएनए तपासून नातेवाईक शोधून देणारी कंपनी. 2023 मध्ये चोरांनी इतरत्र फुटलेले पासवर्ड वापरून तिथली सुमारे 14 हजार खाती उघडली. ज्यांनी एकच पासवर्ड अनेक ठिकाणी वापरला होता, त्यांचीच ही खाती होती. पण प्रत्येक खात्यातून त्या माणसाच्या दूरच्या नातेवाइकांची माहिती दिसण्याची सोय होती. त्यामुळे शेवटी सुमारे 69 लाख लोकांची माहिती बाहेर गेली. त्यांपैकी बहुतेकांची स्वतःची चूक काहीही नव्हती. मार्च 2025 मध्ये ही कंपनी दिवाळखोरीत गेली आणि जमवलेल्या जनुकीय माहितीचे पुढे काय होणार, हा नवाच प्रश्न उभा राहिला. पत्ता, फोन आणि पासवर्ड बदलता येतात, रक्तातली माहिती बदलता येत नाही. शिवाय ती एकट्याची नसते, भावंडांची आणि मुलांचीही असते. म्हणून डीएनए तपासणीचा निर्णय घरात बोलून घेतलेला बरा.

कायद्याचा आधार इथे अपुरा पडतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी दिला. त्यानंतर डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. हा कायदा कंपन्या आणि संस्थांवर जबाबदारी टाकतो. मात्र एखादी व्यक्ती वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी जी माहिती हाताळते, ती त्याच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहे. ते योग्यच आहे. लग्नाचा अल्बम पाठवायला कोणाची लेखी परवानगी लागू नये. पण त्याचा अर्थ असा, की चुलतभावाने कोणाचा कागद कुठे ठेवावा, याचे नियम घरालाच ठरवावे लागतात.

या नियमांचा पाया एकच असू शकतो: जे हयात नाहीत त्यांचा इतिहास सगळ्या भावकीसाठी खुला आणि जे हयात आहेत त्यांची माहिती त्यांच्या संमतीपुरती. हा भेद एकदा मान्य झाला, की पुढचे बरेच वाद आपोआप मिटतात. पणजोबांच्या पिढीची नावे, गावे, जमिनींचे जुने कागद, सन्मानपत्रे, जुनी छायाचित्रे सर्वांना दिसावीत. हयात माणसांसाठी सामायिक वृक्षात नाव आणि नाते पुरेसे आहे. फार तर जन्माचे वर्ष. पूर्ण जन्मतारीख, पत्ता, आजारपण, पगार, मालमत्ता यांना तिथे जागा नाही. लहान मुलांचे तर नावसुद्धा आईवडिलांना विचारूनच घालावे. आधार, पॅन, बँकेचे कागद हे इतिहासाचा भागच नाहीत. ते एखाद्या अर्जासाठी लागले, तर ज्याला हवे त्यालाच द्यावेत. आधारच्या बाबतीत फक्त शेवटचे चार अंक दाखवणारी झाकलेली प्रत आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरूनच मिळते.

हयात कोण, हे संगणकाला आपोआप कळत नाही, ही इथली एक आडवळणाची अडचण. वंशावळीच्या प्रणाली मृत्यूची तारीख भरलेली नसेल, तर जन्मवर्षावरून अंदाज बांधतात. ग्रॅम्प्स या मुक्त प्रणालीत त्यासाठी मूळ मर्यादा 110 वर्षांची आहे. मराठी घरांत जुन्या तारखा वर्षाने लक्षात नसतात. कोणी 'प्लेगच्या सालात' जन्मलेले असते, कोणी 'पानशेतच्या पुराआधी' गेलेले असते. जुन्या कागदांवर शके असते. त्यात 78 मिळवले की साधारणपणे इसवी सन येते. असे अंदाजी का होईना, पण वर्ष भरणे आणि मृत व्यक्तीपुढे तशी खूण करणे हे खासगीपणासाठीही आवश्यक असते. नाहीतर पणजी 'हयात' म्हणून लपते आणि जन्मसाल चुकलेला काका 'दिवंगत' म्हणून सर्वांना दिसतो.

मृतांची माहिती खुली म्हणताना एक अपवाद मानावाच लागतो. दत्तकविधान, मोडलेले लग्न, जातीबाहेर लग्न केल्यामुळे तोडलेले संबंध, आत्महत्या, वेड लागले असे म्हणून दडवलेला आजार, या गोष्टी गेलेल्या माणसाच्या असल्या तरी त्यांची झळ मुलानातवंडांना लागते. त्या पुसून टाकणे हा इतिहासावर अन्याय आहे. घराण्यांनी अशा माणसांना वंशावळीतूनच वगळले, याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत आणि ती जागा भरून काढणे हे लिहिणाऱ्याचे कर्तव्यच आहे. पण अशी नोंद त्या शाखेच्या वारसांना विचारून लिहावी आणि हवी तर त्या शाखेपुरती ठेवावी.

सर्वांत मोठी वगळणूक मात्र मुलींची झाली. पारंपरिक वंशावळीत लेक येतच नसे आणि सून आली तरी सासरच्या नावाने. लग्नात नावही बदलण्याच्या चालीमुळे एकाच बाईची दोन पूर्ण नावे होतात आणि दोन घराण्यांच्या कागदांत ती दोन निरनिराळ्या बायका वाटते. महाराष्ट्राने 1994 मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हक्क दिला, 2005 मध्ये तो देशभर लागू झाला, तेव्हा लेकींशिवायची वंशावळ कायद्याच्याही दृष्टीने अपुरी आहे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर आईचे नाव घालणे राज्याने बंधनकारक केले आहे. घरच्या नोंदीत तरी माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे शेजारी असावीत. अर्थात वर सांगितलेली जोखीम इथेही आहेच. म्हणून हयात स्त्रियांचे माहेरचे आडनाव आतल्या वर्तुळातच ठेवणे शहाणपणाचे.

आता ठेवायचे कुठे? बहुतेक घरांत याचे उत्तर व्हॉट्सॲपचा गट हेच असते. त्याचा मोठा गुण म्हणजे आजीपासून नातवापर्यंत सर्वांना ते वापरता येते. 2016 पासून त्यावरचे संदेश पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज वाटेत कोणाला वाचता येत नाहीत. पण वाटेतली सुरक्षितता आणि पोहोचल्यानंतरची सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संदेश ज्या फोनवर पोहोचला त्या फोनला कुलूप नसेल, किंवा गटात कोणाच्या मेहुण्याचा मित्र शिरलेला असेल, तर त्या संरक्षणाचा उपयोग नाही. बॅकअपला असे कूटबद्ध संरक्षण हवे असेल, तर तो पर्याय सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू करावा लागतो. शिवाय तिथे छायाचित्राचा आकार लहान होतो, तपशील धूसर होतो आणि आठ दिवसांत ते शुभेच्छांच्या ढिगाखाली गाडले जाते. व्हॉट्सॲप ही बोलण्याची जागा आहे, दप्तराची नाही. नवी छायाचित्रे ओळखणे, 'डावीकडून तिसरे कोण?' हे विचारणे यासाठी ते उत्तम. आमंत्रणाची लिंक न वापरता सदस्य एकेक करून घेणे आणि नवा माणूस मंजुरीनेच येईल अशी व्यवस्था लावणे, एवढे गटप्रमुखाने करावे.

दप्तरासाठी गूगल ड्राइव्हसारखी जागा बरी. तिथली कळीची गोष्ट म्हणजे फोल्डर कोणाला दिसतो, हे ठरवणारा एक पर्याय. 'लिंक असलेला कोणीही' असा पर्याय निवडला, की ती लिंक पुढे पाठवणारा प्रत्येक जण दार उघडे करत जातो. त्याऐवजी नातेवाइकांचे ईमेल पत्ते घालून त्यांनाच प्रवेश द्यावा. बहुतेकांना फक्त पाहता यावे. बदल करण्याचा अधिकार दोघातिघांकडेच असावा. अशा फोल्डरमधल्या फाइली कंपनीच्या यंत्रणेला वाचता येऊ शकतात. म्हणून जे कागद खरोखर नाजूक आहेत, ते क्रिप्टोमेटरसारख्या मुक्त प्रणालीने आपल्याच संगणकावर कूटबद्ध करून मग चढवावेत आणि त्याचा पासवर्ड त्याच गटावर न पाठवता प्रत्यक्ष किंवा फोनवर सांगावा. फोनने काढलेल्या छायाचित्रात जागेचे अक्षांश-रेखांशही दडलेले असू शकतात. मूळ फाइल देताना ती माहिती काढून टाकणे चांगले, विशेषतः ज्या घरात वृद्ध एकटे राहतात त्या घराच्या बाबतीत.

वृक्ष मांडण्यासाठी वेगळी साधने आहेत आणि त्यांच्यातला फरक समजून घेणे फार गरजेचे आहे. फॅमिलीसर्च ही मोफत सेवा सगळ्या जगाचा एकच वृक्ष बांधते. तिथे हयात माणसे झाकलेली राहतात, पण मृतांची नोंद कोणालाही दिसते आणि इतर सदस्य ती बदलूही शकतात. जेनीची पद्धतही अनेकांचे वृक्ष एकमेकांना जोडण्याची. ॲन्सेस्ट्रीवर वृक्ष खासगी ठेवता येतो. मायहेरिटेजच्या सुमारे 9 कोटी 20 लाख वापरकर्त्यांचे ईमेल आणि सांकेतिक रूपातले पासवर्ड बाहेर गेल्याचे 2018 मध्ये उघड झाले होते. वृक्ष आणि डीएनएची माहिती वेगळ्या ठिकाणी ठेवलेली असल्याने ती वाचल्याचे कंपनीने सांगितले. माहिती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवण्याचा हाच धडा घरानेही घ्यावा.

ज्या भावकीत एखादा संगणक जाणणारा आहे, तिने ग्रॅम्प्स वापरून पाहावे. ते मोफत आहे, माहिती आपल्याच संगणकावर राहते, देवनागरी चालते आणि वाटण्यासाठी प्रत काढताना हयात माणसांचे तपशील गाळता येतात. वेबट्रीज ही आणखी एक मुक्त प्रणाली आपल्या सर्व्हरवर बसवता येते. तिच्यात पाहणाऱ्यापासून किती पायऱ्यांच्या नात्यापर्यंतची हयात माणसे त्याला दिसावीत, ही मर्यादा ठरवता येते. सख्खे, चुलत, दूरचे भाऊबंद हा आपल्याकडचा जुना भेदच तिथे यंत्राला शिकवता येतो. मात्र सर्व्हर वेळच्या वेळी अद्ययावत ठेवणारा कोणी नसेल, तर या वाटेला जाऊ नये. साधन कोणतेही असो, वृक्ष गेडकॉम या सर्वमान्य स्वरूपात बाहेर काढता येतो का, हे आधी पाहावे. देवनागरी नावे तुटू नयेत म्हणून ती फाइल युनिकोडमध्ये असावी.

आता किल्ल्यांविषयी, म्हणजे पासवर्ड-पिनविषयी, थोडक्यात. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी, व्हॉट्सॲपला सहा अंकी पिन, फोनला कुलूप. घरातल्या वृद्धांच्या फोनवर हे सगळे तरुणांनी बसून लावून द्यावे. ट्वेंटीथ्री अँड मीचे उदाहरण पाहता हे काम स्वतःच्या संरक्षणाचेच आहे. नातेवाइकाच्या आवाजात पैशाची मागणी आली, तर त्याच्या नेहमीच्या क्रमांकावर उलट फोन करावा. फसवणूक झालीच, तर 1930 या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तत्काळ तक्रार करावी, कारण पैसे पुढे सरकण्याआधी रोखण्याची शक्यता पहिल्या काही तासांत अधिक असते. त्याच वेळी फोल्डरच्या लिंका बंद करून भावकीला सावध करावे.

सुरक्षितता म्हणजे केवळ चोरापासूनची नव्हे. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचेही फुटले आणि मुठेकाठच्या पेठांमधल्या असंख्य घरांतले कागद, पोथ्या, छायाचित्रे एका दिवसात चिखलात गेली. दुसरी प्रत असती तर त्यांतले पुष्कळ वाचले असते. कागद 300 आणि लहान छायाचित्रे 600 डीपीआयने स्कॅन करावीत. मागच्या बाजूचे हस्ताक्षरही स्कॅन करावे आणि फाइलच्या नावात वर्ष, व्यक्ती, गाव लिहावे. निदान तीन प्रती असाव्यात: एक ऑनलाइन, एक धायरीच्या घरातल्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या किंवा देशातल्या नातेवाइकाकडे.

ऑनलाइन प्रत ज्याच्या खात्यावर आहे तो माणूस गेला, तर काय, याचा विचार बहुतेक घरांत होत नाही. गूगल दोन वर्षे न वापरलेले व्यक्तिगत खाते पुसून टाकू शकते. त्याच गूगलमध्ये खाते ठरावीक महिने बंद पडल्यास जास्तीत जास्त दहा विश्वासू माणसांना माहिती मिळेल, अशी तरतूद करून ठेवता येते. ॲपलमध्ये वारसदार संपर्क नेमण्याची सोय डिसेंबर 2021 पासून आहे. मृत्यूचा दाखला आणि आधी दिलेली किल्ली असली, की तो माणूस खात्यातली माहिती मिळवू शकतो. दप्तर सांभाळणाऱ्याने हे करून ठेवावे आणि पुढच्या पिढीतला एक जण आधीच हाताशी घ्यावा. दरवर्षी, सगळे एकत्र येतात त्या वेळी, म्हणजे गावची जत्रा, कुलदैवताचा उत्सव किंवा दिवाळीला, वृक्षाची आणि फोल्डरची नवी प्रत काढावी. ज्यांना प्रवेश आहे त्यांची यादी तपासावी, जन्म-मृत्यू-विवाहाच्या नोंदी घालाव्यात आणि कूटबद्ध फाइलींचा पासवर्ड कोणाकोणाकडे आहे, हे कागदावर लिहून दोन घरांत बंद पाकिटात ठेवावे.